लहान छिद्रातून मोठे काम



आज पोटातल्या एका अवयवाविषयी बोलू. त्याचे नाव मोठे आतडे. त्याची लांबी सुमारे ५ फूट असते. खाल्लेल्या अन्नातले उरलेले पाणी ते शोषून घेते. मग मळ तयार होतो.

या आतड्यात कधी कधी कर्करोगाची गाठ होते. मग गाठीसह आतड्याचा तेवढा भाग कापून काढतात आणि दोन्ही टोके जोडून देतात. पूर्वी यासाठी पोटावर वीतभर लांब छेद घ्यावाच लागे. त्या भीतीने कित्येक जण दवाखान्याची पायरीच चढत नसत.

आता दुसरा मार्गही आहे. त्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणतात. रोग्याला पूर्ण भूल देतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. मांडवाचे कापड वर उचलले की खाली वावरायला जागा होते ना, तसेच हे. मग पोटावर बोटाएवढी तीन-चार छिद्रे पाडतात. एकातून दिवा आणि कॅमेरा आत सोडतात. अंधाऱ्या विहिरीत कंदील सोडावा तसा. आतले सारे पडद्यावर दिसते. बाकीच्या छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारे घालून काम करतात. शेवटी एक छिद्र थोडे वाढवून कापलेला भाग बाहेर काढतात.

अमेरिकेतील मियामी शहरात डॉ. मोइझेस जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याची अशी शस्त्रक्रिया केली. त्याची हकीकत त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. पण लवकरच शंका निघाली. काही रोग्यांच्या छिद्रांपाशीच कर्करोग पुन्हा उगवला होता. मग ही रीत धरावी की सोडावी?

यासाठी मोठी तपासणी झाली. ४८ रुग्णालयांतले ८७२ रोगी घेतले. निम्म्यांची शस्त्रक्रिया जुन्या रीतीने केली, निम्म्यांची दुर्बिणीने. २००४ साली निकाल आला. रोग परत येण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले. दुर्बिणीच्या रोग्यांना दुखणे कमी झाले आणि ते साधारण एक दिवस आधी घरी गेले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुर्बिणीने सुरू केलेल्या दर १०० शस्त्रक्रियांपैकी सुमारे २१ वेळा शेवटी पोट उघडावेच लागले. त्यात डॉक्टर चुकला असे समजू नका. रोग्याचा जीव सांभाळण्यासाठीच तो तसे करतो.

तेव्हा छेद लहान की मोठा, हे डॉक्टर पाहील. आपले काम वेगळे आहे. शौचावाटे रक्त पडले, शौचाची सवय एकाएकी बदलून तशीच राहिली, किंवा कारण नसता वजन घटले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. "मूळव्याध असेल, होईल बरी," असे म्हणून घरी बसू नका. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ते तपासल्यावाचून कसे कळणार?

आयाबहिणींनो, तुम्हीही लाजू नका. घरात सांगा. गाठ लहान असताना सापडली, तर रोगी बरा होण्याची आशा पुष्कळ असते. लाजेपायी दिवस घालवले, तर मग चांगली हत्यारेही अपुरी पडतात.