ग्रॅच्युइटीची शीट एकदा तपासून घ्या

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज बोलायचंय ग्रॅच्युइटी मोजणाऱ्या एक्सेल शीटबद्दल. बहुतेकांकडे ती कुणा मित्राने पाठवलेली असते. तिच्यातल्या आकड्यावर आपण गावाकडच्या घराचं गणित मांडतो. पण सूत्रातली अट चुकली, तर एक्सेल दर वेळी एरर दाखवत नाही. चुकीचा आकडाही दिसायला बरोबरच दिसतो.

आधी नियम पाहू. अमिरातीचा २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. खासगी नोकरीत एक वर्षही पूर्ण झालं नसेल, तर ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचं. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही. डीआयएफसी आणि एडीजीएममध्ये नियम वेगळे आहेत.

समजा, बेसिक ६,००० दिरहम आणि नोकरी ७ वर्षं. म्हणजे दिवसाचे २००. पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या दोन वर्षांचे ६०. एकूण १६५ दिवस, ३३,००० दिरहम.

तुमची शीट २९,४०० सांगत असेल, तर अटींचा क्रम चुकलाय. 'इफ' वरून खाली वाचतो आणि पहिली खरी अट सापडली की तिथेच थांबतो. आधी 'एक वर्षाहून जास्त' विचारलं, तर सात वर्षंवालाही तिथेच अडकतो. मोठी अट आधी लिहा.

उत्तर ४२,००० येत असेल, तर सातही वर्षांना ३० दिवस लागलेत. ते फक्त पाचनंतरच्या वर्षांना लावायचे.

शीटमध्ये राजीनाम्याची अट असेल, तर ती जुन्या कायद्याची आहे. तेव्हा तीन ते पाच वर्षांत स्वतःहून नोकरी सोडली, तर दोन तृतीयांशच मिळायचे. आता तशी कपात नाही. याच बेसिकवर चार वर्षांचे १६,८०० होतात; जुनी शीट ११,२०० दाखवेल. ५,६०० दिरहमचा फरक!

शेवटची चूक लपून बसते. कुठूनतरी कॉपी केलेला आकडा कधी कधी मजकूर म्हणून साठतो. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्याहून मोठा! मग तीन वर्षांची नोकरीही 'पाचहून जास्त' ठरते. ओळखायची खूण म्हणजे, तुम्ही अलाइनमेंट बदललेली नसेल, तर आकडा घराच्या उजवीकडे असतो आणि मजकूर डावीकडे.

आता चार आकडे लिहून घ्या. शीटमध्ये अर्धं, चार, पाच आणि सात वर्षं घालून बघा. दिवस यायला हवेत शून्य, ८४, १०५ आणि १६५. एक जरी चुकला, तरी एचआरशी बोलण्याआधी सूत्र दुरुस्त करा. आणि बेसिक किती, ते आपल्या करारातच बघा. हातात येणारा सगळा पगार म्हणजे बेसिक नव्हे.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!