वजनकाटा आणि आपली भाषा
(आरोग्य शिबिराच्या स्वयंसेवकांपुढे दिलेले भाषण)

शिबिरात वजनकाटा बहुधा दाराशीच असतो. एक जण आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा लिहून घेतो, आणि सारी रांग ऐकते. त्यातच कुणीतरी "खात्यापित्या घरच्या दिसता!" असा शेरा मारतो. सगळे हसतात, ती बाईही हसते. पुढच्या शिबिराला मात्र ती येत नाही. तिचा रक्तदाब, तिची साखर तपासायची राहून जाते.

दवाखान्यात तर तक्रार पुरती ऐकण्यापूर्वीच "आधी वजन उतरवा" असे उत्तर मिळते. वाढलेल्या वजनाने गुडघ्यांवर भार येतो, मधुमेहाचा धोका वाढतो, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु "तुम्ही लठ्ठ आहात" म्हणणे वेगळे आणि "तुमचे वजन वाढले आहे, त्याविषयी बोलू या का?" असे विचारणे वेगळे. पहिल्या वाक्याने माणसावर शिक्का बसतो. आळस आणि खादाडपणा हीच कारणे, असे आपण धरून चालतो. आनुवंशिकता, थायरॉइडचा विकार, स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरील काही औषधे, यांनीही वजन वाढते.

नुसत्या नजरेचा तर भरवसाच नको. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनावरून काढलेला बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे जाड दिसणाऱ्याला आपण टोमणा मारतो आणि बारीक दिसणाऱ्याला "तुम्हाला काय धाड भरली आहे?" म्हणून न तपासताच पाठवतो. नुकसान दोघांचेही.

तेव्हा यंदा काटा पडद्याआड ठेवा. आकडा कार्डावर लिहा, पुकारू नका. विनाहाताच्या दोन रुंद खुर्च्या मांडा. आणि रक्तदाबाचा मोठा पट्टा आठवणीने न्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. तो मागताना "जाड्यांचा पट्टा आण रे" असे ओरडू नका. "मोठा पट्टा" म्हटले की पुरे.