आमच्या माळ्यावरचे भाडेकरू
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणावरून)

माझ्या हातातलं हे डबडं म्हणजे ट्रान्झिस्टर नव्हे! वटवाघळांचा आवाज आपल्या कानांना झेपेल इतका खाली आणणारं हे यंत्र आहे. आपली धाव फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत. त्यांची बोली त्याच्या पुष्कळ वर.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आमचं छप्पर दुरुस्त करायला आलेला कारागीर माळ्यावर चढला आणि तसाच खाली उतरला. "बॅट्स!" इथे ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यामुळे त्यांच्या वस्तीला धक्का लावता येत नाही, त्यातून पिल्लांचा मोसम. काम थांबलं. पुण्याहून आलेल्या आईचं वेगळंच. "घरात वटवाघूळ बरं नव्हे रे!" शेवटी सल्ला घेऊन, त्यांची फट तशीच ठेवून सप्टेंबरात छप्पर झालं.

मला मात्र नाद लागला. संध्याकाळी बागेत खुर्ची टाकून बाहेर पडणारी मोजायची, वहीत लिहायचं: "कॉमन पिपिस्ट्रेल". जेमतेम ५ ग्रॅमचा जीव. दोन उन्हाळे हे आकडे मी इमानाने बॅट ग्रुपला पाठवले. मग तिथल्या एक बाई आल्या. यंत्राचा काटा मी नेहमी ४५ वर ठेवत असे, तो त्यांनी ५५ वर नेला आणि कोरड्या टिकटिकीऐवजी टपाटप ओले थेंब पडावेत तसा आवाज आला. आमची निघाली सोप्रानो पिपिस्ट्रेल!

तज्ज्ञही फसले होते म्हणा. १९९३ साली आवाजांचे हे दोन गट संशोधकांनी मांडले, १९९७ मध्ये डीएनएत ११ टक्क्यांहून जास्त फरक सापडला, तेव्हा जाती दोन ठरल्या. सोप्रानोसाठी लीचने १८२५ मध्येच दिलेलं 'पिग्मेयस' हे नाव पुन्हा वर काढलं. आपल्या मुंबईतही असंच झालंय. तामिळनाडूच्या डोंगरात १९४८ साली मिळालेलं फळखाऊ वटवाघूळ बीएनएचएसच्या संग्रहात नेहमीच्याच जातीचं म्हणून पडून होतं. १९७२ मध्ये थायलंडच्या किट्टी थाँगलोंग्यांनी ते पारखलं: जातच नव्हे, प्रजातीही नवी! सालिम अलींचं नाव मिळालं त्याला.

माझ्या जुन्या नोंदींचं काय? आता पडताळता येत नाहीत. "सोप्रानो" लिहिणं म्हणजे पुन्हा अंदाजच. मी ग्रुपला पत्र पाठवून सगळ्यांपुढे "पिपिस्ट्रेल, जात अनिश्चित" करायला लावलं. ५० च्या आसपास ओरडणाऱ्यांपुढे आजही तेच लिहितो. आई फोनवर विचारते, "गेली का रे ती?" मी सांगतो, "काल ६३ होती."

चला, दिवे मालवा, बाहेर अंधार पडतोय. यंत्र एकच आहे, पोरांना पुढे येऊ द्या.