डाकीण आणि विक्का
सुरतच्या उधना-लिंबायत भागातल्या खानदेशी मंडळींना ‘डाकीण’, म्हणजे करणी करते असा आळ घेतलेली बाई, हा शब्द नंदुरबारकडून ठाऊक आहे. विक्का म्हणजे तेच, असा समज मात्र चुकीचा. विक्का हा जेराल्ड गार्डनर यांनी 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये पुढे आणलेला निसर्गपूजक पंथ; त्यात सैतानाची पूजा नाही, आणि तो माणूस स्वखुशीने स्वीकारतो. डाकीणपण बाईवर लादले जाते; निमित्त असते कुणाचा ताप, गुरांचे मरण, पुष्कळदा जमिनीचा वाद. हे रोखणाऱ्या कायद्याने श्रद्धेवर घाला येतो, अशी हरकत घेतली जाते. पण महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. गुजरातनेही 2024मध्ये असाच कायदा केला. बाईवर करणीचा आळ घेऊन तिला मारहाण करणे, तिची धिंड काढणे हा गुन्हा आहे.