मधुमेही मुलांचे दूरस्थ सवंगडी

ज्या मुलाच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी त्याच्याच शरीराच्या संरक्षक यंत्रणेने नष्ट केल्या आहेत, आणि म्हणून ज्याला दिवसातून अनेक वेळा सुई टोचून घेतल्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्या दुःखाचा एक भाग औषधाच्या कक्षेबाहेरचा असतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले, आणि तोवर असाध्य मानलेल्या या व्याधीसह दीर्घायुष्याची वाट खुली झाली. परंतु मधल्या सुट्टीत सर्वांच्या देखत सुई टोचावी की कोपऱ्यात जाऊन, वाढदिवसाचा केक पुढे आला असता काय बोलावे, खेळता खेळता हात थरथरून दरदरून घाम सुटला तर सवंगड्यांना कसे सांगावे, हे प्रश्न ज्याच्यावर तो प्रसंग रोज गुदरतो त्यालाच खरे उमगतात. आणि असे दुसरे मूल त्याच्या शाळेत, कित्येकदा अख्ख्या गावात, त्याच्या ओळखीचे नसते.

ही उणीव भरून काढणाऱ्या, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होणाऱ्या अशा मुलांच्या गटाच्या भेटींना मी, एक बालरोगतज्ज्ञ या नात्याने, इलाजाचेच अंग मानतो. जे धैर्य माझ्या उपदेशाने येत नाही, ते ‘माझीपण काल शुगर लो झाली होती’ या समवयस्काच्या एका वाक्याने येते. सीबीएसईने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या व फळे नेण्याची मुभा दिली, यासारखी उपयुक्त वार्ताही अशाच भेटींतून घरोघर पोहोचू शकते.

मात्र एका बाबतीत पालकांनी कठोर राहावे. इन्सुलिनची मात्रा वजन, आहार, व्यायाम व वय यांवर अवलंबून असते, वयात येताना तर तिची गरज वाढते. सबब एकाची मात्रा दुसऱ्याने उचलणे साफ वर्ज्य होय. आणि काढ्याने इन्सुलिन घेणे सुटते असे सांगणारा कोणी या गटात शिरला, तर त्याला तत्क्षणी बाहेर काढावे, कारण या मुलांचे इन्सुलिन बंद करणे म्हणजे त्यांचा प्राण धोक्यात घालणे आहे.

गट लहान असावा, त्यावर जाणत्या संयोजकाची देखरेख असावी, मुलाचे छायाचित्र, शाळा वा पत्ता तेथे जाहीर होऊ नये. पालकांनी शेजारच्या खोलीत असावे. प्रत्येक शब्दावर पाळत ठेवली तर मूल बोलणारच नाही, आणि मग या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? तथापि उलट्या होताहेत, पोटात दुखते आहे, श्वास जोराने चालला आहे, असा मजकूर एखाद्या मुलाने रात्री लिहिला, तर सवंगड्यांच्या सांत्वनावर विसंबून न राहता संयोजकाने ताबडतोब त्याच्या पालकांना फोन करून मुलाला रुग्णालयात न्यावयास सांगावे. त्यासाठी प्रत्येक घराचा क्रमांक पहिल्याच दिवशी त्याच्यापाशी नोंदलेला हवा.