आवाज पाहिला, तेव्हा...

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



मी काही वक्ता नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो आणि तिथेच रमलो. तरी मंडळाने 'चवथीवर बोला' असा आग्रह केला, म्हणून आमच्या घरचीच एक गोष्ट सांगतो.

आमचे गाव लाटंबार्से. डिचोली तालुक्यात, दोडामार्गाच्या अलीकडे. आमच्याकडे चवथीची आरती म्हणजे घुमट, शामेळ आणि कासाळे. घुमट म्हणजे मातीचे मडके. एका तोंडाला कातडे ताणलेले, दुसरे लहान तोंड उघडे. एका हाताने कातड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मागचे तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. २०१९ साली गोवा सरकारने या घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला.

माझे बाबा लहानपणापासून घुमट वाजवत आले. तीन वर्षांपूर्वी मात्र त्यांनी वाद्य खुंटीला टांगले. कारण विचारले तर म्हणायचे, "आता पोरांनी वाजवावे." खरे कारण वेगळे होते. आरती द्रुत लयीत गेली की त्यांचा ठोका मागे पडायचा आणि पोरे एकमेकांकडे बघायची. ते बघणे बाबांना दिसले होते.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आवाजाचे चित्र काढणारे सॉफ्टवेअर त्याच्या हाती लागले. ऑडॅसिटी नावाचे, फुकट मिळते. आवाज संगणकात शिरताना सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो. त्या आकड्यांतून उभ्या-आडव्या रेषांचे चित्र तयार होते. आडवी बाजू वेळेची, उभी बाजू स्वराच्या उंचीची. खर्जातला आवाज तळाला आणि तीक्ष्ण आवाज वर दिसतो. जिथे जोर जास्त, तिथे रंग उजळ.

आवाज डोळ्यांनी पाहण्याची हौस नवी नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना नोबेल मिळाले प्रकाशाच्या कामासाठी. पण त्याआधीच, १९२० साली, त्यांनी तबला-मृदंगाच्या नादावर लेख लिहिला होता. पुढे याच वाद्यांच्या कातड्यावर बारीक वाळू पसरून कुठला भाग कंप पावतो आणि कुठला स्थिर राहतो, हे त्यांनी पाहिले. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुरेल जुळतात, हे त्यांनी दाखवले. आमच्या घुमटाला शाई नाही. म्हणून त्याच्या चित्रात तबल्यासारख्या सारख्या अंतराच्या रेषा दिसेनात, तेव्हा चिरंजीवांना वाटले, आपलेच काही चुकले!

गेल्या वर्षी चवथीच्या आधी त्याने आजोबांना गळ घातली, "आजोबा, मला अभ्यासाला हवे आहे, एकदाच वाजवा." अभ्यास म्हटल्यावर बाबा नाही म्हणेनात. एक फोन घुमटाजवळ, दुसरा कासाळ्यांजवळ ठेवला. दोन्ही रेकॉर्डिंग पुढे जुळवता यावीत म्हणून आधी एक टाळी वाजवली आणि एक आरती म्हटली.

चित्र पडद्यावर आले. विलंबित भागात बाबांचा प्रत्येक ठोका कासाळ्यांच्या ठोक्यावर बरोबर बसलेला. द्रुत लयीत मात्र मागे मागे सरकलेला. मुलगा गप्प झाला. पण मला दुसरीच गोष्ट दिसली. घुमटाचा रंग तळाला गोळा झाला होता, कासाळ्यांचा अगदी वरपर्यंत पसरला होता. वय झाले की कान आधी वरचे, तीक्ष्ण आवाज गमावतो. म्हणजे बाबांचा हात बिघडला नव्हता. ज्या कासाळ्यांच्या आधाराने लय धरायची, तीच त्यांना पुरती ऐकू येत नव्हती.

मी ते सांगितले. बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हात माझा शाबूत आहे ना?"

उपाय अगदी साधा निघाला. पूर्वी ते कासाळेवाल्याच्या बाजूला बसायचे, आता त्याच्या समोर बसतात. कानाला येत नाही ते डोळ्यांनी धरतात. कानांच्या डॉक्टरांनाही दाखवून आणले. गेल्या चवथीला ते पुन्हा आरतीला बसले. ठोका एक-दोनदा चुकला, नाही असे नाही. पण या वेळी पोरांनी एकमेकांकडे पाहिले नाही. त्यांनी लय थोडी आवरली.

मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या घरी असे एखादे माणूस असते. हळूहळू मागे सरकून कोपऱ्यात बसणारे. आपण म्हणतो, वय झाले. एकदा त्यांच्याजवळ बसून, नेमके काय निसटते आहे, एवढे पाहावे. सॉफ्टवेअर असलेच पाहिजे असे नाही.

एवढे बोलून माझे चार शब्द संपवतो. गणपती बाप्पा मोरया!