परदेशपर्यटन आणि विमानभाड्याची काटकसर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



एक काळ असा होता की, ज्ञातिसभेत परदेशगमनाचा विषय निघाला म्हणजे समुद्र ओलांडावा की नाही, आणि ओलांडल्यास प्रायश्चित्त कोणते, यावरच वाद रंगत असे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना केवढी लोकनिंदा सोसावी लागली हे आपणांस ठाऊकच आहे. आज तो वाद इतिहासजमा झाला आहे. आपल्या घरोघरी आता निराळा प्रश्न विचारला जातो: "चौघांनी युरोप पाहून यावयाचे, तर विमानाला किती पडतील?" हा प्रश्न क्षुल्लक नाही. मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या परदेशसहलीत सर्वांत मोठी एकरकमी रक्कम बहुधा विमानभाड्यातच जाते, आणि ती वर्षानुवर्षांच्या शिलकेतून उभी राहिलेली असते. म्हणूनच कार्यकारी मंडळाने आम्हांस या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली असावी.

प्रथम, विमानाचे भाडे ठरते कसे ते पाहू. एस.टी.चे भाडे टप्प्यांवर ठरते. टप्पे अधिक तर भाडे अधिक. विमानाचेही तसेच असावे अशी आपली स्वाभाविक समजूत असते. पूर्वी स्थिती बरीच तशी होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गाने लंडनला निघाले. त्या काळी आणि पुढे सुमारे तीस वर्षे आंतरराष्ट्रीय भाडी विमान कंपन्यांच्या परिषदांतून परस्परसंमतीने ठरत आणि सरकारे त्यांस मान्यता देत. १९७७ साली फ्रेडी लेकर यांनी लंडन-न्यूयॉर्क मार्गावर ५९ पौंडांत 'स्कायट्रेन' ही विमानसेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने देशांतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा केला. तेथून जुनी घडी विसकटत गेली.

आज भाड्याचा अंतराशी संबंध थोडा आणि मागणीशी फार. एकाच विमानातील एकाच वर्गाच्या खुर्च्या कंपनी निरनिराळ्या भावांच्या गटांत विभागून ठेवते. स्वस्त गट संपला की त्यावरचा गट उघडतो. विक्री मंदावली तर मिटलेला गट पुन्हा उघडतो. त्यामुळे शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांत हजारोंचे अंतर असू शकते. विमान उडाले की रिकामी खुर्ची कवडीमोल होते, हे खरे; परंतु मंडईत संध्याकाळी भाजी स्वस्त होते तसे येथे सहसा घडत नाही. कारण अखेरच्या आठवड्यात तिकीट घेणारा मनुष्य बहुधा नडलेला असतो. कोणाचे आप्त आजारी असतात, कोणाचे व्यापाराचे काम अडलेले असते. आणि नडलेला मनुष्य पडेल तो भाव देतो, हे कंपनी जाणून असते.

यातून पहिले तत्त्व निघते ते असे: स्वस्त तिकीट चतुर माणसापेक्षाही ज्याच्या तारखा मोकळ्या आहेत त्याला अधिक सहज मिळते. मंगळवारी मध्यरात्री तिकीट घ्यावे, किंवा संगणकावर आपली ओळख लपवून शोध घ्यावा म्हणजे भाव उतरतो, अशा युक्त्या कर्णोपकर्णी ऐकू येतात. त्यांवर विसंबण्यासारखे काही नाही. तिकीट कोणत्या वारी घेतले यापेक्षा प्रस्थान कोणत्या दिवशी आहे यास महत्त्व अधिक. आठवड्याच्या मधल्या वारी निघणे शुक्रवार-शनिवारपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. मे महिना, दिवाळी आणि नाताळ हे महागाईचे दिवस. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांचा निरुपाय असतो. त्यांनी पाच-सहा महिने आधीपासून भाव पाहण्यास आरंभ करावा. परंतु सेवानिवृत्त मंडळींनी मे महिन्याच्या गर्दीत शिरावेच कशाला? गणपती उठल्यानंतर सप्टेंबरात युरोपची हवा सुखद असते आणि भाडेही सामान्यतः उतरलेले असते. पितृपक्षात घराबाहेर पडू नये असे कोणास वाटत असेल, तर आपल्या पूर्वजांनी त्यावर तोड काढून ठेवलीच आहे. चांगला दिवस पाहून शेजारी प्रस्थान ठेवावे, आणि तिकीट स्वस्त असेल त्या दिवशी सुखाने निघावे!

दुसरी गोष्ट मार्गाची. मुंबईहून लंडनला थेट जाणाऱ्या विमानापेक्षा दुबई, दोहा किंवा इस्तंबूल येथे विमान बदलून जाणे बहुधा स्वस्त पडते. त्या शहरांतील कंपन्या अनेक देशांचे उतारू एका ठिकाणी आणून पुढे अनेक देशांस वाटतात, आणि थेट विमानाचा उतारू आपणाकडे वळविण्यासाठी भाव उतरवितात. आपण सोसलेल्या गैरसोयीचीच ती सूट असते. युरोपात अनेक शहरे पाहावयाची असतील, तर जाताना रोमला उतरून परतताना पॅरिसहून निघावे. असे तिकीट 'मल्टी-सिटी' या सदराखाली एकत्रच मिळते, आणि रोमला परत येण्याचे रेल्वेभाडे व एक दिवस दोन्ही वाचतात.

शोध कसा घ्यावा? गुगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर यांसारख्या साधनांवर महिन्याभराचे भाव तारीखवार दिसतात. तेथे तारीख व मार्ग निश्चित करावा. नंतर त्याच विमानाचा भाव कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावा आणि फरक अल्प असल्यास तिकीट तेथेच घ्यावे. कारण पुढे तारीख बदलावयाची किंवा पैसे परत मागावयाचे झाल्यास मध्यस्थाची पायरी उरत नाही. कुटुंबवत्सल मंडळींनी आणखी एक खुबी ध्यानात ठेवावी. स्वस्त गटात दोनच खुर्च्या उरल्या असता आपण चार तिकिटे एकदम मागितली, तर यंत्र पुष्कळदा चारही तिकिटांस वरच्या गटाचा भाव लावते. म्हणून आधी एकाचा, मग दोघांचा व शेवटी चौघांचा भाव पाहावा. फरक मोठा असल्यास दोन-दोन तिकिटे निरनिराळी घ्यावीत. मात्र लहान मुलांस वडील माणसांपासून वेगळ्या तिकिटावर ठेवू नये.

आता आम्ही आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. तिकिटाचा भाव आणि प्रवासाचा खर्च या दोन गोष्टी भिन्न आहेत. उदाहरणादाखल समजा, एक तिकीट ५८,००० रुपयांस आणि दुसरे ५२,००० रुपयांस आहे. चौघांचे २४,००० रुपये वाचले म्हणून आपण आनंदतो. परंतु दुसऱ्या तिकिटात मोठ्या बॅगेचा समावेश नसेल, आणि तिच्यासाठी प्रत्येकी, प्रत्येक फेरीस ३,५०० रुपये द्यावे लागले, तर २८,००० रुपये होतात. म्हणजे स्वस्त तिकीट ४,००० रुपयांनी महाग पडले. मुंबईपेक्षा दिल्लीहून भाडे कमी दिसले, तर चौघांचा दिल्लीपर्यंतचा प्रवास व मुक्काम हिशेबात धरावा. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या आमच्या भगिनींस हे शिकविण्याची आवश्यकता नाही. आमची विनंती एवढीच की, तिकिटाचा व्यवहार पुरुषमंडळींनी परस्पर उरकू नये, तो त्यांच्या वहीतून जाऊ द्यावा.

व्हिसाचे प्रकरण असेच आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावा लागतो. अर्जासोबत प्रवासाचे आरक्षण दाखवावे लागते. परंतु व्हिसा मिळेलच असे नाही, आणि सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. अशा वेळी रद्द करता येण्याजोगे तिकीट थोडे महाग पडले तरी घ्यावे. नाही तर चार तिकिटांची रक्कम एका नकारासरशी बुडते. शिवाय ब्रिटनसारख्या देशात नुसते विमान बदलण्यासाठीही भारतीय पासपोर्टधारकास, काही अपवाद सोडल्यास, ट्रान्झिट व्हिसा लागतो. हे नियम बदलत असतात. म्हणून तिकीट घेण्यापूर्वी त्या त्या देशाचे अधिकृत पत्रक स्वतः वाचावे.

सर्वांत मोठा धोका सुट्या तिकिटांचा होय. मुंबई ते दुबई एका कंपनीचे आणि दुबई ते युरोप दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे जोडली की बेरीज कधी कधी मोहक दिसते. परंतु मधल्या शहरी सामान स्वतः उतरवून पुन्हा द्यावे लागते, त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि पहिल्या विमानास उशीर झाला तर दुसरे विमान आपली वाट पाहत नाही. त्याचे पैसेही सामान्यतः बुडतात. सबंध प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर मुक्कामी पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. २३ जून २०२५ रोजी कतारने आपले आकाश काही तास बंद केले आणि असंख्य उतारू ठिकठिकाणी अडकून पडले. अशा दिवशी त्या जबाबदारीचे मोल कळते.

आपल्यापैकी अनेकांचे वृद्ध मातापिता परदेशी असलेल्या मुलांकडे एकटेच जातात. त्यांच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: शक्य असेल तेथे थेट विमान घ्यावे. ते न जमल्यास एकच तिकीट, मध्ये तीन-चार तासांचा अवकाश आणि आधी मागून ठेवलेली चाकाची खुर्ची, एवढे तरी असावेच. परक्या विमानतळावर सत्तरीच्या माणसास अकरा तास बसवून वाचविलेल्या आठ-दहा हजारांस आम्ही काटकसर म्हणत नाही.

मंडळानेच सहल काढावी, म्हणजे तिकिटे स्वस्त मिळतील, अशीही सूचना वारंवार येते. दहा किंवा अधिक उतारूंस कंपन्या सामुदायिक भाव देतात, हे खरे. तथापि तो किरकोळ विक्रीतील सर्वांत स्वस्त भावाहून कमी असतोच असे नाही. त्याचा खरा लाभ असा की, थोडी अनामत भरून खुर्च्या राखता येतात आणि प्रवाशांची नावे मागाहून देता येतात.

शेवटी आमची एक सूचना आहे. मंडळाच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवावी. परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाने तीत पाच गोष्टी लिहाव्यात: मार्ग, प्रवासाच्या तारखा, तिकीट किती दिवस आधी घेतले, सामानासह माणशी किती पडले, आणि वाटेत कोणती अडचण आली. दोन-तीन वर्षांत ती वही आपल्या ज्ञातीची अमोल ठेव होईल. ज्या कुटुंबाने आजवर विमानात पाऊल ठेवलेले नाही, त्यालाही तिच्या आधारे निर्धास्तपणे निघता येईल. एकाच्या अनुभवाचा लाभ दहा घरांस व्हावा यासाठीच अशी मंडळे असतात. अध्यक्षमहाराजांनी या सूचनेचा विचार करावा अशी आमची नम्र प्रार्थना आहे.